संगणकाच्या खिडकीतून : एकेक दाणा की पोतं?

आमच्या वाचनालयाच्या जुन्या अंकांची चार हजार छोटी छायाचित्रे वर्धापनदिनाआधी संकेतस्थळावर चढवायची होती. अंक जन्मभर जपणारे गुरुजी संध्याकाळी ती पाहायला येणार, अन् काम काही पुढे सरकेना! सगळे लाईनला बोल लावू लागले. लाईन बिचारी रिकामीच होती. एफटीपी (नियमावली १९८५ ची) प्रत्येक फाईलसाठी नवी जोडणी उघडते, होकाराची वाट बघते, मग बंद करते. फाईलमागे एक सेकंद गेला तरी तासाहून जास्त वेळ नुसत्या नमस्कार-चमत्कारात!

मग सगळ्यांची एकच झिप केली, पाठवली आणि सर्व्हरच्या फाईल मॅनेजरमध्ये उलगडली. गुरुजींना वेळेवर अंक दिसले. झिपने छायाचित्रांचा आकार फारसा घटत नाही, कारण जेपेग आधीच आवळलेले असते. वाचतात त्या खेपा.

उलगडायची सोय नसेल तर फाइलझिलामध्ये एकाच वेळी जाणाऱ्या फाईली दोनावरून दहापर्यंत वाढवा. सर्व्हर कुरकुरला तर पाचावर या. पुढे फक्त बदललेल्याच फाईली धाडायच्या तर १९९६ पासूनचे आरसिंक आहे. त्याला बहुधा एसएसएच लागते. आणि काम झाले की झिप सर्व्हरवरून पुसा, नाहीतर पत्ता सापडेल तो सगळे गाठोडे उचलून नेईल.