ओळ खोडली, तर कारणही लेखी द्या

17 सप्टेंबर उजाडला की आम्ही शिक्षक मंडळी मुलांना हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा इतिहास सांगतो. रझाकारांचे अत्याचार सांगतो, बिदर जिल्ह्यातील गोरट्याचे हत्याकांड सांगतो. ते सांगितलेच पाहिजे. पण या इतिहासाचे पुढचे पान कितीतरी वर्षे आम्हा शिक्षकांच्याही हाती नव्हते.

1948 च्या पोलीस कारवाईनंतर संस्थानातील मुसलमानांच्या हत्या व लूटमार झाली. तिची माहिती घेण्यासाठी पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठविली. समितीने त्याच वर्षाअखेर नऊ जिल्हे पाहिले आणि मृतांचा आकडा किमान 27 ते 40 हजार असावा, असा अंदाज दिला. सर्वाधिक झळ लागलेले जिल्हे कोणते? उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड! म्हणजे आपलेच. हा अहवाल सरकारने छापला नाही. काही उतारे मधल्या काळात बाहेर आले. दिल्लीच्या नेहरू स्मृती ग्रंथालयात तो वाचायला मिळू लागला 2013 च्या सुमारास. तोवर डोळ्यांनी पाहिलेली बहुतेक पिढी निघून गेली होती. झाकून ठेवल्याने जखम भरत नाही, अफवा मात्र वाढतात.

सरकारने काय झाकावे आणि काय उघडावे, हा वाद न्यायालयातही गाजला आहे. राजनारायण खटल्यात पंतप्रधानांच्या दौऱ्यांविषयीची गोपनीय पुस्तिका मागितली गेली. 1975 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कागद दाखवावा की नाही याचा अखेरचा निर्णय न्यायालयाचा आहे. निरुपद्रवी भाग उघडून बाकीचा मोहरबंद ठेवता येतो. मात्र उघडलेल्या भागाने दिशाभूल होता कामा नये. हेच तत्त्व 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 10 मध्ये आले. काही ओळी वगळायच्या असतील तर वगळा, पण उरलेला कागद द्या. आणि का वगळले, कोणी ठरवले, हे लेखी कळवा.

आमच्या वाचकांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे? नक्कल मागायला गेले की 'मिळत नाही' एवढे तोंडी उत्तर घेऊन आपण परततो. त्यात आता कलम 8 मधील वैयक्तिक माहितीचा अपवाद नोव्हेंबर 2025 पासून अधिक रुंद झाला आहे. लाभार्थ्यांच्या यादीवरही उद्या शाई फिरवली जाईल, अशी आम्हाला भीती वाटते. तरीही सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते, असे सांगणारे कलम 8(2) शाबूत आहे. अर्जात त्याचा उल्लेख करावा.

सीमाभागात शाई न फासताही कागद काळा होतो. निजामाच्या अमदानीतील दप्तर उर्दूत, त्यातले पुष्कळ हैदराबादच्या पुराभिलेखागारात. 1956 नंतरचे कन्नडमध्ये. आणि वाचणारा मराठी. माहिती अधिकाराचा अर्जही इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच करावा लागतो. कर्नाटकात मराठी त्यात बसत नाही. हा अन्याय आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. कन्नडशी आमचे वैर नाही. पण आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणे, ही लाचारी आहे.

तोवर हातात आहे ते वापरू. लिहिता येत नसेल तर तोंडी मागणी लिहून घेण्यास साहाय्य करणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर आल्यावर पहिल्या अपिलासही 30 दिवस. आणि गाऱ्हाणे मांडायला घटनेचे कलम 350 आहे. केंद्रात वा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत ते देता येते. ते मराठीतच द्या.

आमच्या समितीने गावोगाव हे अर्ज लिहून देण्याचे काम अंगावर घ्यावे, असे आम्ही सुचवतो. मोर्चे काढलेच पाहिजेत. पण ओळ का खोडली, हे विचारणारा एक अर्जही तितकाच जड असतो.