जांभ्याला जांभाच म्हणा

शास्त्रीय परिभाषा हा शास्त्रज्ञांचा प्रांत आहे, भाषेच्या अध्यापकांनी त्यात लुडबूड करू नये, असे मत आपल्या विद्यापीठीय वर्तुळात पुष्कळ जण बाळगून असतात. हे मत आम्हांला मुळातूनच अमान्य आहे. खडकाचे वय सांगणे हे भूवैज्ञानिकाचे काम, याबद्दल वाद नाही. परंतु त्या खडकाला मराठीत काय म्हणावे आणि त्याची माहिती कोणत्या मथळ्याखाली ठेवावी, हा भाषेचा प्रश्न आहे. तो अनुवादकांवर सोपवून मराठीचे अध्यापक स्वस्थ बसणार असतील, तर मराठी ज्ञानभाषा व्हावी असे म्हणण्याचा अधिकार त्यांना उरत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचे बोलले जाऊ लागले, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. अशा वेळी हा प्रश्न पुढे ढकलता येणार नाही.

भूविज्ञानाचे कोणतेही मराठी पुस्तक उघडावे. खनिजविज्ञान, शिलाविज्ञान, स्तरविज्ञान, पुराजीवविज्ञान, संरचनात्मक भूविज्ञान अशी दालने ओळीने उभी असतात. ही नावे संस्कृतोद्भव आहेत, हा आमचा आक्षेप नाही. 'भूकंप' हा शब्दही संस्कृतच आहे आणि तो घरोघरी पोचला आहे. आक्षेप असा की, ही विभागणीच इंग्रजी ग्रंथाच्या अनुक्रमणिकेवरून उचललेली आहे. रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला आपल्या गावच्या सड्याविषयी वाचायचे असेल, तर त्याने यांतले कोणते दार ठोठवावे? विहिरीला मुरमापर्यंत पाणी लागले नाही, पुढे काळा पाषाण आला, आता खणावे की थांबावे, असे विचारणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न शिलाविज्ञानात बसतो की भूजलविज्ञानात? तो दोहोंत बसतो, आणि म्हणूनच कुठेच सापडत नाही.

यावर उत्तर ठरलेले असते. लोकांचे शब्द ढोबळ असतात. एका तालुक्यातला मुरूम दुसऱ्या तालुक्यातल्या मुरमासारखा नसतो. शास्त्राला काटेकोर संज्ञा लागते. हे उत्तर देणाऱ्यांनी आपल्या लाडक्या संज्ञांची कुळे एकदा तपासावीत. 'नाइस' हा जर्मन खाणकामगारांचा शब्द. 'लाव्हा' व्हेसूव्हियसच्या परिसरातल्या बोलीतून आला. 'कार्स्ट' हे एड्रियाटिक समुद्रालगतच्या चुनखडीच्या पठाराचे नाव. 'गीझर' आइसलंडमधल्या एका उष्ण कारंज्याचे विशेषनाम. 'त्सुनामी' म्हणजे जपानी भाषेत बंदरातली लाट. यांतला एकही शब्द जन्मतः काटेकोर नव्हता. शास्त्राने त्यांना व्याख्या दिली आणि ते काटेकोर झाले. मग व्याख्येचा हा संस्कार मुरमालाच का नाकारावा?

सर्वांत बोलके उदाहरण जांभ्याचे आहे. फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारात अंगाडिपुरमजवळ हा दगड पाहिला. खाणीत तो मऊ असतो, सहज कापता येतो, आणि हवा लागली की कठीण होतो. तिथले लोक त्याला विटेचा दगड अशा अर्थाच्या नावाने ओळखत. बुकॅननने विटेसाठी असलेला लॅटिन शब्द घेतला आणि १८०७ मध्ये 'लॅटेराइट' ही संज्ञा जगापुढे ठेवली. म्हणजे एका भारतीय गवंड्याची कल्पना लॅटिनचा अंगरखा घालून परत आली आणि आम्ही तिला शास्त्र म्हणून नमस्कार केला. कोकणातल्या चिरेखाणीवरचा कामगार तोच दगड पिढ्यान्‌पिढ्या कापतो आहे. त्याच्या 'जांभा' या शब्दाला मात्र पुष्कळ ठिकाणी मथळ्याचा मान नाही, कंसातली जागा तेवढी मिळते.

'दख्खन ट्रॅप' मधला 'ट्रॅप' हा जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले आणि पुढे झिजून सह्याद्रीला पायऱ्यांचे रूप आले, ते या शब्दात टिपलेले आहे. उलट 'गोंडवन' हे नाव तर आपल्या शेजघरातले. गोंडांच्या प्रदेशावरून भूवैज्ञानिकांनी ते एकोणिसाव्या शतकात तिथल्या खडकांना दिले, आणि पुढे एका प्राचीन महाखंडालाच ते लाभले. चंद्रपूरचा कोळसा ज्या खडकांत सापडतो, त्यांचे नाव आज जगभर घेतले जाते. स्थानिक नावाने शास्त्राचे काही बिघडले नाही.

हा केवळ अस्मितेचा वाद नाही. ३० जुलै २०१४ रोजी माळीण डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेवर माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. शासकीय भाषेत या साऱ्याला एकच शब्द: भूस्खलन. मराठी माणूस मात्र दरड कोसळली, डोंगर घसरला, जमीन खचली, चिखल वाहून आला, असे वेगवेगळे बोलतो. गंमत अशी की, शास्त्रही नेमका हाच भेद करते: तुटून पडणे वेगळे, घसरणे वेगळे, प्रवाहासारखे वाहणे वेगळे, प्रत्येकाची कारणे वेगळी, वेग वेगळा, पूर्वखुणाही वेगळ्या. आमच्या क्रियापदांत हे वर्गीकरण आयते पडलेले असताना आम्ही ते एका तत्समाखाली बुजवून टाकले. उतारावर नवी भेग पडली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, झाडे आणि खांब कलू लागले, तर वस्ती सोडावी, हे ज्याला वेळेत कळायला हवे त्याच्यापर्यंत 'भूस्खलनप्रवण क्षेत्र' हा मथळा पोचत नाही. परिभाषेचा दोष इथे जिवाशी येतो.

मग करावे काय? आमची सूचना अशी. सर्वसाधारण वाचकासाठी व पदवीच्या पहिल्या वर्षासाठी लिहिताना दालनांची नावे वाचकाच्या जमिनीवरून घ्यावीत. 'दगड आणि खडक' यात पाषाण, जांभा, गारगोटी, मुरूम. 'माती' हे स्वतंत्र दालन, कारण काळी, चिकण, शाडू, पांढरीची हा भेद गावोगाव ठाऊक आहे. 'पाझर आणि पाणी' यात विहीर, झरा, भूजल. 'डोंगर, सडे, घळी' यात भूरूपे. 'धक्के आणि दरडी' यात ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप यांसह सारे उत्पात. आणि शेवटी 'पृथ्वीचा काळ'. तिथे जीवाश्म, थर आणि कोट्यवधी वर्षांचा हिशेब. शास्त्रीय शाखानाम त्याच्या खाली, दुय्यम मथळा म्हणून, अवश्य द्यावे.

आम्ही शुद्धिवादी नाही. बेसाल्ट, झिओलाइट राहू द्यावेत. त्यांना ओढूनताणून प्रतिशब्द शोधण्यात हशील नाही. चांगले पायंडेही आपल्याकडे आहेत. मराठी विश्वकोशात 'गाळाचे खडक' अशीच नोंद आहे, आणि तिच्यामुळे विश्वकोशाचे गांभीर्य रतिभर कमी झाले नाही. 'कातळशिल्प' हा शब्द अलीकडचा, पण त्यातला कातळ कोकणी माणसाचा. म्हणून तो रुजला. ही शिल्पे २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हाही मराठीत त्यांचे दुसरे नाव शोधावे लागले नाही.

राहता राहिला प्रश्न हे शब्द गोळा करणार कोण, हा. मराठी एम.ए.च्या वर्गांत बोलींचा अभ्यास असतो, आणि प्रकल्पाच्या नावाखाली त्याच त्या कादंबऱ्यांतली बोली पुन्हा तपासली जाते. त्याऐवजी विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातल्या विहीर खोदणाऱ्याकडे, चिरेखाणीवर, कुंभारवाड्यात जावे. शब्द, त्याचा नेमका अर्थ, ठिकाण आणि शक्य तर दगडाचा तुकडा घेऊन यावे. आणि त्याच महाविद्यालयाच्या भूगोल वा भूविज्ञान विभागाने तो तुकडा तपासून शब्दाला व्याख्या द्यावी. याला अनुदान लागत नाही, समिती लागत नाही. दोन विभागांमधला एक जिना उतरावा लागतो. तेवढेही ज्यांना जमणार नाही, त्यांनी 'लोकांचे शब्द ढोबळ असतात' हे वाक्य तरी पुन्हा उच्चारू नये.