रोग हल्याला, औषध पखालीला

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा फुटबॉल संघ हरला, तर त्याचं आपल्याला काय, असं तुम्ही म्हणाल. पण मला त्या हरण्यापेक्षा हरल्यानंतर जे घडलं त्यावर बोलायचं आहे. अपयश आलं की संस्था दोष कुणाच्या माथी मारते, यातून त्या संस्थेची नियत कळते. नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाची कहाणी त्यासाठी चांगला धडा आहे.

हा फुटबॉल आपल्याला माहीत असलेला नव्हे. चेंडू लांबट, हातात घेऊन पळायचा. नेब्रास्का राज्यात या खेळाचा एकही व्यावसायिक संघ नाही, त्यामुळे लिंकन शहरातला विद्यापीठाचा संघ म्हणजेच अख्ख्या राज्याचा संघ. १९६२पासून तिथल्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याची तिकिटं संपत आली आहेत. संघ जिंको वा हरो, लोक येतात.

२०२१च्या हंगामात हा संघ १२ सामने खेळला. ३ जिंकला, ९ हरला. आकडा वाईटच. पण जरा आत डोकावून पाहा. नऊच्या नऊ पराभव ९ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकानं झाले. हंगामात संघानं ३३५ गुण मिळवले आणि २७२ दिले. म्हणजे दिले त्यापेक्षा जास्त मिळवले आणि तरीही तीन चतुर्थांश सामने गमावले!

मग दुखणं कुठं होतं? बऱ्याच अंशी चेंडू लाथाडण्याच्या आणि तो परतवण्याच्या खेळात, ज्याला तिथं स्पेशल टीम्स म्हणतात. ओक्लाहोमाविरुद्ध एक किक अडवली गेली आणि प्रतिस्पर्ध्यानं ती उलट पळवत नेऊन दोन गुण घेतले. मिशिगन स्टेटविरुद्ध संघ शेवटची काही मिनिटं उरेपर्यंत पुढं होता. तेव्हा एक किक भलत्याच बाजूला गेली, प्रतिस्पर्ध्यानं ती थेट गोलरेषेपार नेली आणि जादा वेळेत सामना हातचा गेला.

आता उपचार काय झाला ते बघा. नोव्हेंबर २०२१मध्ये, संघ ७ सामने हरलेला असताना, क्रीडा संचालक ट्रेव्ह अल्बर्ट्स यांनी जाहीर केलं की मुख्य प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट राहतील. त्यांचा वार्षिक पगार ५० लाख डॉलरवरून ४० लाखांवर आणला गेला आणि आक्रमण सांभाळणाऱ्या चार सहाय्यक प्रशिक्षकांना घरी पाठवलं. आपल्याकडं म्हणतात ना, रोग हल्याला अन् औषध पखालीला! त्यानंतर आयोवाविरुद्ध संघ २१-६ असा पुढं होता. किक अडवली गेली, तिच्यावर गुण गेले आणि सामना २८-२१नं हरला. दुखणं जिथल्या तिथंच होतं.

हंगाम संपल्यावर स्पेशल टीम्ससाठी वेगळा प्रशिक्षक नेमला, हे खरं. पण ऑगस्ट २०२२मध्ये डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ अशी आघाडी असताना फ्रॉस्ट यांनी ऑनसाइड किकचा जुगार खेळला, म्हणजे चेंडू मुद्दाम जवळच मारून परत मिळवण्याचा प्रयत्न. तो फसला आणि सामना ३१-२८नं गेला. हा निर्णय कुणा सहाय्यकाचा नव्हता, मुख्य प्रशिक्षकाचा होता. ज्याच्या हातात निर्णय होता तो राहिला. ज्यांच्या हातात नव्हता ते गेले.

११ सप्टेंबर २०२२ला फ्रॉस्ट यांनाही काढलं. करारानुसार त्यांना दीड कोटी डॉलर द्यावे लागणार होते. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर ही रक्कम निम्म्यावर आली असती. तेवढाही धीर उरला नव्हता. जे करायचं होतं ते आदल्या नोव्हेंबरात स्वच्छपणे करायला हवं होतं. एकतर पूर्ण विश्वास ठेवायचा, नाहीतर निरोप द्यायचा. मधला मार्ग दिसायला शहाणपणाचा होता. प्रत्यक्षात त्यात चार माणसांची नोकरी गेली, एक हंगाम गेला आणि पैसाही गेला.

माझा खरा आक्षेप याहून जुना आहे. २००३मध्ये याच विद्यापीठानं फ्रँक सोलिच यांना काढलं. त्या हंगामात संघ ९ सामने जिंकला होता, ३ हरला होता. त्यांच्या जागी बिल कॅलहन आले आणि पहिल्याच वर्षी ५ विजय, ६ पराभव. २०१४मध्ये बो पेलिनी यांना काढलं, तेव्हाही हिशेब ९-३ असाच. त्यांच्यानंतरच्या माइक रायली यांच्या तीन वर्षांत १९ विजय, १९ पराभव. मग फ्रॉस्ट आले, ज्यांनी खेळाडू म्हणून १९९७च्या विजेत्या संघाचं नेतृत्व केलं होतं. घरचा मुलगा येईल आणि सगळं सावरेल, अशी आशा होती. त्यांच्या हाती १६ विजय आणि ३१ पराभव लागले. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं संघ हंगामाअखेरच्या बाऊल सामन्यापर्यंतही पोचला नाही.

याच विद्यापीठात टॉम ऑस्बॉर्न २५ वर्षं प्रशिक्षक होते. १९७३ला सुरुवात केली आणि पहिली पाच वर्षं कट्टर प्रतिस्पर्धी ओक्लाहोमाकडून हरत राहिले. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं १९९४मध्ये, म्हणजे बाविसाव्या हंगामात. त्यानंतर आणखी दोन. अर्थात ते दरवर्षी किमान ९ सामने जिंकत होते, हे विसरून चालणार नाही. पण २००३ आणि २०१४मध्ये ज्यांना काढलं, तेही ९ जिंकतच होते.

कुणी म्हणेल, मग काय प्रशिक्षक कधी बदलायचाच नाही? बदलावा, जरूर बदलावा. फ्रॉस्ट यांचं जाणं माझ्या मते योग्यच होतं. पण बदलण्याआधी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. नेमकं काय बिघडलं? ते या माणसामुळं बिघडलं का? आणि येणारा माणूस ते दुरुस्त करू शकतो, याला आशेपलीकडं काही आधार आहे का? २०२३मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठानं जिम्बो फिशर यांना काढलं, तेव्हा सुमारे साडेसात कोटी डॉलर देणं कबूल केलं. हा आकडा ज्या करारातून आला, त्यावर सही विद्यापीठाचीच होती.

या साऱ्यात ज्यांची नावं कुणी घेत नाही, ते म्हणजे खेळणारे विद्यार्थी. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा प्रशिक्षकाच्या शब्दावर घर सोडून येतो. प्रशिक्षक गेला की नवा माणूस, नवी पद्धत, नव्यानं स्वतःला सिद्ध करणं. प्रशिक्षकाला जाताना कोट्यवधी मिळतात. त्या मुलाची वर्षं परत मिळत नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही संस्थेत 'अमुकला हटवलं, आता सगळं ठीक होईल' असं ऐकाल, तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा: हटवणारे त्या वेळी कुठं होते, आणि त्यांचा हिशेब कोण घेणार?