छऱ्याचा हिशेब

चांगले काडतूस कोणते, हा प्रश्न वरकरणी मूठभर हौशी लोकांचा आहे. ज्याच्यापाशी बंदूक असेल त्याने तो दुकानदाराला विचारावा आणि मोकळे व्हावे. वर्तमानपत्राच्या अग्रलेखात त्याचे काय काम, असे कोणीही म्हणेल. परंतु 2025 च्या जुलै महिन्यात ब्रिटिश सरकारने शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या शिशाच्या छऱ्यांवर बंदी आणण्याचा निर्णय जाहीर केला आणि पाखरांच्या शिकारीला पिढ्यान्‌पिढ्या प्रतिष्ठा देणाऱ्या त्या देशातच चांगल्या काडतुसाची व्याख्या बदलली. या बदलाचा संबंध आमच्या नेमबाजांशी आणि आमच्या पाणथळींशीही पोचतो. म्हणून त्याची दखल घेणे अगत्याचे आहे.

काडतुसाची परीक्षा आजवर कशी होत आली, ते प्रथम पाहू. बाराबोअर काडतुसाच्या कवचात टोपी, दारू, गद्दी आणि छर्रे एवढ्या चारच वस्तू असतात. त्या चारही प्रत्येक काडतुसात तंतोतंत सारख्या असणे, म्हणजेच शंभरावा बार पहिल्यासारखाच सुटणे, हे उत्तम मालाचे पहिले लक्षण होय. दुसरे लक्षण छऱ्याचा कणखरपणा. निव्वळ शिसे मऊ असते. बार उडताच छर्रे एकमेकांवर दडपून चेपतात आणि चेपलेला छर्रा वाट सोडून भरकटतो. त्यासाठी शिशात अँटिमनी मिसळतात. चाळीस वारांवर तीस इंचांच्या वर्तुळात किती छर्रे पडले आणि ते सारखे पसरले की नाही, हे मोजून जाणकार नेमबाज काडतुसाची पारख करतो. इटलीतील फिओकी किंवा बास्किएरी अँड पेल्लाग्री, ब्रिटनमधील एली, स्पेनमधील रिओ यांचे नाव झाले ते याच कसोटीवर.

नेमबाजीच्या मैदानावर ही कसोटी किती बारीक असते, याची कल्पना नियमांवरून यावी. हवेत उडणारी तबकडी म्हणायला मातीची. प्रत्यक्षात ती चुना आणि डांबर यांच्या मिश्रणाची, 110 मिलिमीटर रुंदीची असते. ती फोडण्यासाठी नेमबाजाच्या काडतुसात छऱ्यांचे वजन साडेचोवीस ग्रॅमांपेक्षा अधिक आणि छऱ्याचा व्यास 2.6 मिलिमीटरपेक्षा मोठा असता कामा नये, असे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. 1962 मध्ये बिकानेरचे महाराज करणीसिंह यांनी कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. 2004 मध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी अथेन्सला तेच यश ऑलिंपिकमध्ये संपादन केले. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मात्र स्कीटच्या मिश्र दुहेरीत अनंतजीतसिंह नरुका आणि माहेश्वरी चौहान यांचे कांस्यपदक 44 विरुद्ध 43, म्हणजे अवघ्या एका तबकडीने हुकले. जेथे एका तबकडीने पदक येते-जाते, तेथे काडतुसाविषयी चोखंदळ असणे ही चैन नव्हे. आमच्याकडे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात ‘शक्तिमान’ या नावाची बाराबोअर काडतुसे होतात. तथापि आंतरराष्ट्रीय स्पर्धांची तयारी करणाऱ्यांची भिस्त आयात मालावरच राहिली आहे. त्यांना तो सुलभपणे मिळावा, याविषयी आमच्या मनात संदेह नाही.

परंतु हा सर्व हिशेब छर्रा लक्ष्यापर्यंत पोचेपर्यंतचा झाला. त्यापुढचा हिशेब कोणी ठेवीत नाही. चोवीस ग्रॅमांच्या एका बारात सुमारे तीनशे छर्रे असतात. सव्वाशे तबकड्यांच्या स्पर्धेत प्रत्येक तबकडीवर एकच बार धरला, तरी एक नेमबाज तीन किलो शिसे जमिनीवर विखरून जातो. शिकारीत तर ते शेतात, रानात आणि विशेषतः तळ्यांच्या काठी पडते. बदकाला दात नाहीत. दाणे भरडण्यासाठी ते बारीक खडे गिळून पेषणीत साठविते. तळ्याच्या गाळात चोच घालणाऱ्या पाखराला खडा आणि छर्रा यांतला भेद कळत नाही. पेषणीत छर्रा झिजतो, शिसे रक्तात उतरते, पंख लुळे पडतात आणि ज्याच्यावर कोणी नेम धरलाच नव्हता ते पाखरू झुरून मरते. त्यासाठी एखाददुसरा छर्राही पुरेसा होतो.

हे ध्यानी आल्यावर अनेक देशांनी पावले उचलली. अमेरिकेने 1991 पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद केले. डेन्मार्कने 1996 मध्ये त्यांच्यावर सरसकट बंदी घातली. युरोपीय संघाने फेब्रुवारी 2023 पासून पाणथळींत आणि त्यांच्या परिसरात ते निषिद्ध ठरविले. ब्रिटनमधील शिकार-संघटनांनी 2020 साली पाच वर्षांत शिसे आपखुशीने सोडण्याचा संकल्प केला होता. मुदत सरली, तरी बाजारातल्या फेझंटांच्या मांसात शिशाचेच छर्रे मोठ्या प्रमाणावर सापडत राहिले. शेवटी सरकारला कायद्याचा आधार घ्यावा लागला. केवळ सदिच्छेवर विसंबणाऱ्यांनी यावरून बोध घ्यावा.

पोलादाचा छर्रा शिशाची जागा घेऊ शकत नाही, हा आक्षेप अगदीच निराधार आहे असे नव्हे. पोलाद शिशापेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी हलके. त्याचा वेग लवकर ओसरतो, म्हणून शिकारीत छर्रा थोरला घ्यावा लागतो. जुन्या, पातळ नळीच्या बंदुकीत तो धोक्याचाही ठरतो. अशा बंदुकांना बिस्मथ चालते. पण ते महाग. तथापि ज्या डेन्मार्कने एवढ्या वर्षांपूर्वी शिसे सोडले, तेथे शिकारही बंद पडली नाही. अडचण आहे ती सवयीची आणि पैशाची.

आता आमच्याकडे वळू. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यात 1991 मध्ये झालेल्या दुरुस्तीने हौसेची शिकार येथे बंद झाली. ती बंदच असली पाहिजे. पण पाखरांना आमचे कायदे आणि आमच्या सीमा ठाऊक नसतात. दर हिवाळ्यात करमळीच्या तळ्यावर उतरणारे तलवार बदक उत्तरेकडच्या दूरदेशांतून, वाटेत अनेक तळ्यांचा गाळ चाळीत येते. स्थलांतरित प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सदस्य राष्ट्रांनी 2014 मध्ये क्विटो येथे, शिशाचा दारूगोळा तीन वर्षांत सर्वत्र बंद व्हावा, असे मार्गदर्शन स्वीकारले. भारत या कराराचा 1983 पासूनचा सदस्य. 2020 ची परिषद तर गांधीनगरलाच भरली. दुसऱ्या राष्ट्रांना हे स्मरण देण्याचा अधिकार आम्हांस आहे. पण त्याआधी आपले घर सावरले पाहिजे.

त्यासाठी अवघड असे काही करावयाचे नाही. तबकड्यांच्या नेमबाजीचे मैदान तळे, खाजण अथवा नदीकाठी आखू देऊ नये. जेथे ते आहे तेथे पडलेले शिसे ठराविक मुदतीने वेचून काढण्याची अट घालावी. ते शिसे विकले जाते, म्हणजे खर्चाचा काही भाग परतही येतो. सरकारी कारखान्याने बिनविषारी छऱ्यांची काडतुसे माफक दरात काढावीत आणि शेतराखणीच्या परवान्यावर प्रथम तीच द्यावीत. रानडुकरांनी गांजलेल्या शेतकऱ्याची बंदूक हिरावून घेण्याचा हा मार्ग नव्हे. त्याच्या शेतातले शिसे त्याच्याच विहिरीत आणि गुरांच्या चाऱ्यात जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ आहे. स्पर्धांतील छऱ्याचा प्रश्न आंतरराष्ट्रीय संघटनेच्या हाती आहे. शिशाखेरीज अन्य मान्य धातूंना नियमांत आजही वाव आहे. तो वाव रुंदावण्याचा आग्रह आमच्या संघटनेने धरावा. तोवर एकट्या भारतीय नेमबाजाला निराळ्या काडतुसाने खेळावयास लावणे मात्र अन्यायाचे होईल.

चोडणच्या अभयारण्याला ज्यांचे नाव दिले आहे, त्या सालिम अलींनी मुलपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली आणि ती कोणत्या जातीची, या कुतूहलातून त्यांचा पक्षिविद्येचा प्रवास सुरू झाला. बंदूक हाती धरणारा पाखरांचा वैरीच असतो असे नाही, हे त्यावरून दिसावे. नेमबाजाने आपल्या काडतुसाकडून अचूकपणाची अपेक्षा जरूर ठेवावी. पण ज्या छऱ्याने तबकडी फोडल्यावरही विष बनून उरावे, त्याला उत्तम मालाचा शिक्का देण्याचे दिवस सरले आहेत, हे दुकानदाराने, गिऱ्हाइकाने आणि सरकारनेही आता ओळखले पाहिजे.