चला, भटकूया! : निवट्यांच्या बेटावर

बालमित्रांनो, गोव्याला जायचं म्हटलं की घरात काय बोलणं होतं? समुद्र, मासे आणि मंगेशीचं देऊळ! बरोबर ना? आज मीही तुम्हाला गोव्यातच नेणार आहे, पण समुद्रावर नाही. चिखलात!

पणजीहून जुन्या गोव्याकडे निघालं की वाटेत रायबंदर लागतं. तिथल्या धक्क्यावर फेरीबोटीत चढायचं आणि मांडवी नदी ओलांडून चोडण बेटावर उतरायचं. धक्क्यापासून जवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. हे १९८८ साली झालं. क्षेत्रफळ अवघं १.७८ चौरस किलोमीटर. आपल्याकडचं एखादं गावसुद्धा याहून मोठं असतं! पण आत पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंना कांदळवन, म्हणजे खारफुटीची झाडं. चिखलात प्राणवायू कमी, म्हणून काही झाडांची मुळं जमिनीतून वर डोकावून श्वास घेतात. काहींच्या बिया तर झाडावरच रुजतात आणि लांब शेंगेसारख्या लोंबतात. खाली पडल्या की चिखलात उभ्या!

आता माझी फजिती सांगते. गेल्या जानेवारीत चौथीच्या मुलांची सहल घेऊन गेले होते. होडीतून खाडीत शिरायचं, पक्षी बघायचे, असा बेत. सिंधुदुर्गातून निघून पोचायला बारा वाजले. बघते तर खाडीत पाणीच नाही! नुसता काळा चिखल. नावाडी हसून म्हणाला, "बाई, पंचांग बघून यायचं होतं!"

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण माझे आजोबा रोज हेच गणित करायचे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. त्या दिवशी अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढे, अन् बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. वर्गात पाऊणकी घोकून घेणारी मी, आणि सहलीला निघताना वापरायची विसरले! (पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं हं.)

मुलं हिरमुसली. पण पाचच मिनिटांत एकजण ओरडला, "बाई, मासा चालतोय!" खरंच चालत होता! तो निवटी. डोळे डोक्यावर, बेडकासारखे. पुढच्या परांवर रेटा देत चिखलात सरपटतो आणि मध्येच टुणकन उडी मारतो. तोंडात आणि कल्ल्यांत ओल धरून ठेवतो, कातडीतूनही श्वास घेतो, म्हणून पाण्याबाहेर राहू शकतो. शेजारी एक नांगी भलीमोठी असलेले खेकडे ती नांगी हलवत होते, जणू आम्हाला बोलावताहेत. तुतवार, बगळे, खंड्या असे पक्षीही खूप दिसले, कारण ओहोटीत त्यांचं ताट वाढलेलं असतं. होडी चुकली, पण पंगत बघायला मिळाली.

मी खाऊ वाटण्यात गुंतले होते. तेवढ्यात वेफर्सचं रिकामं पाकीट वाऱ्याने उडून चिखलात पडलं. आणि ते उचलायला एक मुलगा खाली उतरला. (नाव सांगत नाही, तशी शपथ घातलीय त्याने.) तीन पावलांत गुडघ्यापर्यंत रुतला. पाय उपसायला गेला तर आणखी खोल! माझ्या पोटात गोळा आला. मीही उतरणार होते, पण नावाड्याने हात धरला. "तुम्ही दोघंही अडकाल. बाळा, हलू नकोस. पोटावर आडवा हो!" त्याने होडीतली फळी चिखलावर सरकवली. मुलगा फळीवर पालथा पडला आणि सरपटत बाहेर आला, अगदी निवट्यासारखा. एक चप्पल चिखलातच राहिली. पाकीट मात्र त्याच्या मुठीत होतं! त्याला रागवावं की शाबासकी द्यावी, मला कळेना. खरं म्हणजे चूक माझी होती. डोक्यांची मोजदाद सोडून मी चिवडा मोजत बसले होते. त्या संध्याकाळी त्याच्या आईला मी सगळं स्वतःच सांगितलं. सोपं नव्हतं ते.

पाय धुताना नावाड्याने सांगितलं, "इकडे मानगें पण असतात." मानगें म्हणजे मगर! झुआरी नदीकाठच्या बोरी, दुर्भाट भागात पौष अमावस्येला शेतकरी चिखलाची मगर करतात. अंगावर शिंपले लावतात, काड्यांचे दात करतात आणि तिची पूजा करतात. तिला म्हणतात मानगें थापणी. घाबरायचं त्या प्राण्याशी असं सलोख्याने वागणं मला फार आवडलं.

त्या शेतांना खाजन म्हणतात. खाऱ्या नदीला बांध घालून केलेली ही शेती. बांधात मानस नावाचं लाकडी दार असतं. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं, की दार आपोआप बंद. ओहोटीला आतलं पाणी ढकलतं, की दार उघडं. ना वीज, ना यंत्र! पण बांध एकदा फुटला, की खारं पाणी शेतात शिरतं आणि भातपीक जातं. बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मार अंगावर घेते, म्हणून ती तोडली तर बांधही जास्त दिवस टिकत नाही.

वेळ उरला तर डिचोली तालुक्यातल्या नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ जरूर बघा. शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्याचा जीर्णोद्धार केला.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, थंडीतले पाहुणे पक्षी तेव्हा भेटतात. आणि आता वही काढा. समजा तुमच्या सहलीच्या दिवशी एकादशी आहे. होडीतून खाडीत शिरायला साधारण किती वाजता पोचाल, आणि निवट्या बघायला किती वाजता? उत्तर आईबाबांना विचारायचं नाही. उलट त्यांनाच हे गणित घाला!