इस्त्री, मिक्सर आणि एकच बोर्ड

एक्स्टेन्शन बोर्डला तीन सॉकेट आहेत, म्हणजे त्यावर तीन उपकरणे बिनधोक चालतील, असा समज अनेक घरांत असतो. खरे तर सॉकेट किती, याला महत्त्व नाही. बोर्डाची वायर किती प्रवाह सोसू शकते, हे पाहायचे असते. त्यासाठी एक गुणाकार आणि एक भागाकार आला तरी पुरे.

गच्चीवरच्या टाकीचे पाणी आठवा. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला दाब जास्त. विजेचा असा दाब म्हणजे व्होल्टेज. नळातून येणारी धार म्हणजे प्रवाह, तो अँपिअरमध्ये मोजतात. नळी अरुंद असली की पाणी अडते. तसा विजेच्या वाटेतला अडथळा म्हणजे रोध. त्याचे माप ओहम. जर्मन शिक्षक गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली हा संबंध मांडला. आपली मुले तो नववीच्या विज्ञानात शिकतात.

हिशेब असा : व्होल्टेजला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. व्होल्टेजला प्रवाहाने गुणले की शक्ती, म्हणजे वॅट मिळतात. वॅटला व्होल्टेजने भागले की प्रवाह कळतो.

आपल्या घरात वीज २३० व्होल्टची असते. इस्त्री १००० वॅटची असेल, तर १००० भागिले २३०, म्हणजे सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह. तिचा रोध सुमारे ५३ ओहम. मिक्सर ७५० वॅटचा असेल तर सुमारे ३.३ अँपिअर, मोटार असल्याने प्रत्यक्षात थोडा जास्तच. साधा बोर्ड ६ अँपिअरचा, म्हणजे २३० गुणिले ६, १३८० वॅटपर्यंतचा. त्यावर इस्त्री एकटी चालते, मिक्सरही एकटा चालतो. पण ईदच्या आदल्या रात्री इकडे कपड्यांना इस्त्री आणि तिकडे मिक्सरमध्ये वाटण, असे एकाच बोर्डावर सुरू झाले की प्रवाह साडेसात अँपिअरच्या वर जातो.

एमसीबी पडला नाही, म्हणजे सारे ठीक आहे, असेही समजू नये. तो १६ अँपिअरचा असेल, तर साडेसात अँपिअरला पडणारच नाही. बोर्डाची वायर मात्र तापत राहील.

सर्वांत मोठा धोका ढिल्या जोडाचा. तिथली उष्णता काढताना प्रवाहाचा वर्ग करून त्याला रोधाने गुणावे लागते. समजा, प्लग सैल बसल्याने तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला. एकट्या इस्त्रीने त्या ठिकाणी साडेनऊ वॅट उष्णता निघेल. सोबत मिक्सर लावला की सुमारे २९ वॅट. प्रवाह दुप्पटही झाला नाही, उष्णता मात्र तिप्पट झाली! टीव्ही दुरुस्त करणाऱ्याची २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न याहून कमी शक्तीवर डाक वितळवते. मग प्लास्टिकचे काय होईल?

म्हणून मुलांना वही घेऊन बसवा. प्रत्येक उपकरणावर लिहिलेले वॅट त्यांना वाचू द्या, २३० ने भागू द्या आणि बोर्डावर छापलेल्या अँपिअरशी ताडून पाहू द्या. गीझर, हीटर, किटली यांना १६ अँपिअरचे भिंतीतले सॉकेटच वापरा. प्लग हाताला गरम लागला, काळवंडला किंवा जळका वास आला, तर मेन स्विच बंद करा आणि जाणकाराला बोलवा. आपला हिशेब सावध करतो. वायरिंगला हात मात्र त्यानेच लावायचा.