दात कोरावेत, पण कशाने?

'दात कोरून पोट भरत नाही' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. क्षुल्लक काटकसरीने मोठा खर्च भागत नाही, हा तिचा अर्थ. गेल्या महिन्यात आमच्या इंदूरच्या घरी याच म्हणीवरून वाद झाला, आणि त्यातून हा लेख उभा राहिला.

सकाळची वेळ. कचऱ्याची गाडी दारात येऊन थांबली होती. आठवीतली नात हातात दातांचा दोरा, म्हणजे फ्लॉस, घेऊन विचारती झाली, "आजी, हा ओल्यात टाकू की सुक्यात?" मला उत्तर सुचेना. वर्तमानपत्राआडून आजोबा म्हणाले, "टीचभर दोऱ्याची काय एवढी चिंता? दात कोरून पोट भरत नाही!" नात म्हणाली, "टीचभर नव्हे आजोबा, हातभर."

तिचे म्हणणे खरे होते. दंतवैद्य एका वेळेस सुमारे ४५ सेंटिमीटर, म्हणजे एक हात लांबीचा दोरा घ्यावयास सांगतात. या हिशेबाने एका माणसास वर्षाला १६४ मीटर आणि चौघांच्या कुटुंबास साडेसहाशे मीटरहून अधिक दोरा लागतो. शिवाय रिकाम्या डब्या निराळ्याच.

हा दोरा मुळात प्लास्टिकचा नव्हता. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य लेव्ही स्पिअर पार्मली यांनी १८१९ साली आपल्या पुस्तकात मेण लावलेल्या रेशमी धाग्याने दातांच्या फटी स्वच्छ करण्याचा सल्ला दिला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशीम दुर्मिळ झाले आणि त्याची जागा नायलॉनने घेतली. आज दुकानात मिळणारा साधा दोरा बहुधा नायलॉनचा असतो. अतिशय गुळगुळीत सरकणारा दोरा पुष्कळदा टेफ्लॉनच्या जातीचा असतो. हे दोन्ही कुजत नाहीत. इंदूरचा ओला कचरा देवगुराडिया येथील प्रकल्पात जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टनांची होती. तेथे ओल्या कचऱ्यापासून गॅस व खत तयार होते. नायलॉनचा धागा तेथे जाऊन खतात तसाच उरणार. म्हणून तो ओल्यात टाकू नये. शौचकुपात तर मुळीच टाकू नये, कारण नळात त्याचा गुंता होतो.

मग पर्याय कोणता? नुसत्या वेष्टणावरील हिरव्या पानाला भुलू नये, धागा कशाचा आहे ते वाचावे. 'बांबू कोळशाचा' म्हणून विकला जाणारा काळा दोरा बरेचदा पॉलिएस्टरचा असतो, त्यावर कोळशाची पूड तेवढी असते. 'मक्याचा' दोरा पीएलए नावाच्या पदार्थाचा असतो. तो मक्याच्या पिष्टापासून होतो हे खरे, परंतु आपल्या भुट्ट्याच्या किसासारखा तो लगेच विरघळेल असे समजू नये. त्याला कुजण्यास मोठ्या खतप्रकल्पातील उष्णता लागते, घरच्या कुंडीत तो दीर्घकाळ तसाच राहतो. खरोखर कुजणारा दोरा रेशमाचाच. काचेच्या बाटलीत मिळणाऱ्या दोऱ्याची नुसती नवी गुंडी आणता येते, त्यामुळे डबीही वाचते. मात्र रेशमासाठी कोश उकळतात, म्हणून आमच्या शेजारच्या जैन वहिनींनी तो नाकारला व मक्याचा पत्करला. त्यांचे मला पटले.

मी हौसेने रेशमी दोरा आणला. तो उजव्या दाढांमध्ये दर वेळी तुटे. आठ-दहा दिवसांत मी कंटाळले आणि दोरा वापरणेच सोडले. महिन्याभरात हिरडीतून रक्त येऊ लागले. दंतवैद्यांनी तपासून सांगितले, "बाई, दोष रेशमाचा नाही. एकाच जागी दोरा वारंवार तुटत असेल तर तेथे कीटण साचलेले असते, किंवा जुन्या भरणाची कड खरखरीत झालेली असते." माझे भरण सदोष निघाले. कड घासून घेतल्यावर तोच दोरा सुरळीत जाऊ लागला. मी मात्र सारा दोष दोऱ्याच्या माथी मारून बसले होते!

आजोबांना मधुमेह आहे. मधुमेहात हिरड्यांचे विकार बळावतात आणि हिरड्या सुजल्या की साखरही आटोक्यात राहत नाही, हे ऐकून तेही सावध झाले. त्यांच्या दातांत वयोमानाने फटी पडल्या आहेत. त्यांना दंतवैद्यांनी फटीत घालावयाचा बारीक ब्रश दिला. असे ब्रश रुंद फटींत दोऱ्याहून सोयीचे असतात आणि धुऊन अनेकदा वापरता येतात. लाकडी दांड्याचेही मिळतात, मात्र केस बहुधा नायलॉनचेच. शिवणाचा दोरा कोणी वापरू नये, त्याने हिरडी कापते. टाचणीने कोरणे तर सर्वथा वर्ज्य.

वाचकहो, क्रम ध्यानात ठेवावा. आधी दातांच्या फटी रोज स्वच्छ होणे, मग दोरा कशाचा हा विचार. दात फारच दाटीचे असून रेशीम चालत नसेल, तर नायलॉन वापरावा आणि तो ओल्या कचऱ्यात टाकू नये. हिरड्या बिघडवून प्लास्टिक वाचवणे हा शहाणपणा नव्हे. पण जेथे रेशीम चालते, तेथे ते न आणण्याचे कारणही उरत नाही.

आता माझा व नातीचा दोरा तुळशीशेजारच्या खताच्या कुंडीत जातो. आजोबा आपला ब्रश नेमाने धुऊन ठेवतात. त्या दिवसापासून म्हण मात्र त्यांनी पुन्हा उच्चारलेली नाही.